उलटा लिलाव

बटाट्याचे बेणे कापताना प्रत्येक फोडीला निदान एक डोळा राहिला पाहिजे, एवढी अक्कल हॅरोफील्ड गावात शेंबड्या पोरालाही असते. तरीही डीकन पेटिंगिलची बायको सकाळपासून तिसऱ्यांदा कोठारात आली होती आणि जोथम क्रेच्या टोपलीत हात घालून फोडी उलटसुलट करून बघत होती.

"ही बघ. हिला डोळाच नाही. आंधळी फोड लावून काय उगवणार, तुझं कपाळ?"

"बाई, डोळा खाली आहे. उलटी करा."

डीकनबाईने फोड उलटी केली. डोळा होता. तो सापडल्याचाच तिला जास्त राग आला. फोड टोपलीत भिरकावून ती म्हणाली, "तोंड फार चालतं तुझं. बसून खायला मिळतंय ना!"

जोथम बसलेला होता हे खरेच होते. उभे राहायला त्याला कुबडी लागे. त्याचा डावा पाय मांडीच्या मध्यापासून गेलेला होता. उत्तर आणि दक्षिण राज्यांच्या यादवी युद्धात, पीटर्सबर्गच्या बाहेर खंदकात पडला असताना तो गेला, त्याला आता सतरा वर्षे होत आली. बसून खायचे म्हणाल, तर काल रात्रीचे घेवडे आणि काळ्या पावाचा एक तुकडा एवढे खाऊन तो पहाटेपासून कापत बसला होता. डुकराच्या मांसाचा तुकडा घेवड्यांत असतो असे म्हणतात. डीकनच्या घरी तो असायचा, पण डीकनच्या ताटात.

कोठाराच्या दारातून त्याला हल्डा दिसत होती. त्याची मुलगी, वय वर्षे बारा. विहिरीवरून दोन्ही हातांत बादल्या घेऊन येत होती आणि पाणी सांडू नये म्हणून जीभ दातांत धरून चालत होती. बादली दिसली की जोथम मान फिरवी. त्याला कारण होते, आणि ते कारण अख्ख्या गावाला ठाऊक होते.

हॅरोफील्डचा एक जुना रिवाज होता. आजूबाजूच्या गावांनी तो कधीच सोडून दिला होता, पण हॅरोफील्डला आपल्या काटकसरीचा मोठा अभिमान. मार्च महिन्यात गावसभा भरे. रस्त्यांची दुरुस्ती, भटक्या डुकरांचा कोंडवाडा हे विषय उरकले, की निराधारांचा विषय निघे. ज्यांना पोसायला कोणी नाही, अशा म्हाताऱ्यांना, विधवांना, पांगळ्यांना सभागृहाच्या दगडी पायऱ्यांवर उभे करीत आणि लिलाव पुकारत. वर्षभर पोसायला जो सगळ्यांत कमी पैसे मागेल, त्याच्या घरी तो माणूस जायचा. पैसे गाव द्यायचे, काम तो माणूस द्यायचा. जनावरांच्या बाजारात बोली चढत जाते. इथे ती उतरत जायची. माणूस जितका धडधाकट तितका त्याच्याकडून राबवून घेता येणार, म्हणून तितकी बोली खाली. आणि हे सगळे प्रार्थना म्हणून सुरू व्हायचे.

जानेवारीत जोथमची बायको लोविना छातीच्या तापाने गेली. ती थर्स्टनांच्या गिरणीत घोंगड्यांच्या मागावर होती, जोथम घरी बसून झाडू बांधायचा, आणि दोघांच्या हातांवर घर चालले होते. चारातले दोन हात गेले आणि घर बसले. मार्चमध्ये बापलेक पायऱ्यांवर उभे राहिले. जोथमला कुबडीवर पायऱ्या चढून-उतरून दाखवायला लावले. मग कोणीतरी म्हणाले, पोरीत किती दम आहे तोही बघू. पाण्याने भरलेली बादली तिच्यापुढे ठेवली.

आणि हल्डाने ती उचलली. नुसती उचलली नाही, दोन्ही हातांनी छातीपर्यंत नेली आणि बापाकडे बघून हसली. शाळेत काही नीट जमले की शाबासकी मिळते, एवढेच तिला माहीत. गर्दीतून खरेच "वा!" असा आवाज आला आणि बोली दणकन खाली आली. डीकन पेटिंगिलने दोघांना मिळून आठवड्याला एक डॉलर दहा सेंटला घेतले. हा डीकन चर्चचा मानकरी, आणि शिवाय गरिबांचा कारभारीही तोच. म्हणजे विकणाराही तो आणि घेणाराही तो. कुंपणच शेत खाते म्हणतात, ते हॅरोफील्डमध्ये येऊन बघावे.

त्या शनिवारी दुपारी कोठारापुढे एक बग्गी थांबली. आधी डीकन उतरला, मग गिरणीचे मालक एडविन थर्स्टन. थर्स्टनच्या हातात सैनिकाचा एक निळा कोट होता, आणि त्याला कापराचा वास येत होता.

जोथमने वर न बघताच विचारले, "झालं वाटतं वर्ष?"

तीस मे म्हणजे फुलांचा दिवस. त्या दिवशी सगळा देश युद्धात पडलेल्यांच्या थडग्यांवर फुले वाहतो. हॅरोफील्डमध्ये मिरवणूक निघे आणि तिच्या अग्रभागी, गवत पसरून झेंडे लावलेल्या गाडीवर जोथम क्रेला बसवीत. गेली सहा वर्षे हा नेम चालला होता. कोट गिरणीच्या कचेरीत कपाटात असायचा. सकाळी अंगावर चढायचा, संध्याकाळी उतरवून घ्यायचे. देखल्या देवा दंडवत म्हणतात तसे गाव त्या एका दिवशी त्याच्यापुढे टोपी काढी.

"सोमवारी नऊ वाजता तयार राहा," थर्स्टन म्हणाला. "दाढी करून. ह्या वेळी न्यायमूर्ती हॅलेट येणार आहेत, राजधानीहून. आणि विजारीचा पाय नीट दुमडून टाचणी लाव. मागच्या वर्षी तो लोंबत होता. दिसायला हवं ते दिसलंच नाही."

"काय दिसायला हवं, साहेब? नसलेला पाय?"

डीकन खेकसला, "जोथम! कोणाशी बोलतोस?"

"ह्यांच्याशीच बोलतोय. सतरा वर्षांचं बोलणं आहे आमचं." जोथमने सुरी खाली ठेवली. "साहेब, पेन्शनच्या कागदावर सही कधी करता?"

ह्या सहीवर जोथमचा सगळा जन्म अडला होता. १८६४ साली लष्करभरतीच्या सोडतीत एडविन थर्स्टनचे नाव निघाले. त्या काळी ज्याच्याकडे पैसा असे, तो आपल्या जागी दुसरा माणूस पाठवू शके. कायदाच तसा होता; मरण विकत घेण्याला बंदी नव्हती. जोथम तेव्हा थर्स्टनांच्या गिरणीत रिळे उचलायचा. वय एकोणीस. त्याचे स्वतःचे नाव अजून सोडतीत येऊ शकत नव्हते, म्हणूनच तो उपयोगाचा. एडविनची आई जोथमला शहरात, असे बदली सैनिक पुरवणाऱ्या दलालाच्या दुकानात घेऊन गेली. दुकानातला कारकून झिंगलेला होता. त्याने 'जॉन ग्रे' असे काहीतरी लिहिले. जोथमला तेव्हा अक्षरओळख नव्हती, त्याने फुली मारली. मिळालेले पैसे बापाने महिनाभरात पिऊन टाकले. एडविनने निघताना पाठीवर हात ठेवून सांगितले होते, "परत आलास की गिरणीत कायमची जागा तुझी." जोथम परत आला, पण एका पायाच्या माणसाला मागाजवळ उभे करता येत नाही, असे गिरणीच्या लक्षात आले. आणि वॉशिंग्टनच्या कचेरीने कळवले, की त्या पलटणीत जोथम क्रे नावाचा कोणी नव्हता. ज्याने पाठवले त्याने शपथेवर सांगावे की हाच तो माणूस, म्हणजे पेन्शन सुरू होईल.

गावाला सगळे माहीत होते. पण गिरणी थर्स्टनची, घरे गिरणीची, त्यामुळे गावाच्या जिभेला हाड नसले तरी कुलूप होते. त्यातून थर्स्टनला आता विधिमंडळात जायचे होते. युद्ध संपल्यावर सगळेच शूर होतात. आपण तेव्हा माणूस विकत घेऊन घरी बसलो, हे शपथेवर लिहून द्यायची त्याची तयारी नव्हती.

"सहीचं बघू," थर्स्टन म्हणाला. "निवडणूक होऊ दे."

"ते तुम्ही तीन वर्षं म्हणताय. आता मला वेळ नाही. मंगळवारी पोरीचा कागद होणार आहे."

मंगळवारी, म्हणजे फुलांच्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, डीकन हल्डाला करारावर कामाला देणार होता. कॅनडाच्या हद्दीजवळच्या एका शेतकऱ्याकडे, अठरा वर्षांची होईपर्यंत. गरिबांच्या कारभाऱ्याला तो अधिकार होता. बापाला विचारायची गरज नव्हती. तिथून पत्र यायला आठवडा लागे, आणि एका पायाच्या माणसाला तिथे जायला सगळा जन्म.

"तिच्या भल्याचंच आहे," डीकन म्हणाला. "चांगलं घर आहे. प्रार्थना चुकवत नाहीत."

"तुमच्या घरी तरी कुठे चुकवतात? अन्न तेवढं चुकतं."

डीकनचे कान लाल झाले. थर्स्टनने त्याला हाताने थांबवले आणि आवाज मऊ केला. "हे बघ जोथम, सोमवारी गाडीवर गुपचूप बस. न्यायमूर्तींनी विचारलं, तर 'गावाने मला काही कमी पडू दिलं नाही' म्हण. मग पोरीचा कागद आपण हिवाळ्यापर्यंत पुढे ढकलू. सहीचंही बघू. माझ्या शब्दावर भरवसा नाही का तुझा?"

"साहेब, तुमच्या शब्दावर मी एक पाय दिला. दुसरा जवळ ठेवतो म्हणतो. आधी सही करा, मग गाडीवर बसतो."

थर्स्टनच्या आवाजातला मऊपणा गेला. "ऐक तर. गाडीवर बसला नाहीस, तर पोर मंगळवारी नाही, सोमवारीच जाईल. आणि तुला पुढच्या मार्चमध्ये अशा घरी पाठवीन, की डीकनचे घेवडे आठवून रडशील."

कोट बटाट्यांच्या टोपलीवर टाकून तो निघून गेला. डीकनबाईने धावत येऊन तो उचलला आणि झटकला. कोटाला माती लागली तर जबाब तिला द्यावा लागला असता.

हल्डा विहिरीजवळून सगळे ऐकत होती. ती आली आणि बापाजवळ बसून बेणे कापू लागली. चार-पाच फोडी कापून तिने विचारले, "बाबा, मी ती बादली उचलली नसती तर?"

मार्चपासून पोर हे मनात घेऊन हिंडत होती, आणि जोथमला वाटत होते की तिला कळलेलेच नाही. त्याने तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "तू काही चुकली नाहीस. ज्यांनी ठेवली त्यांची चूक. ऐकलंस?"

तिने मान हलवली, पण तिला पटले नव्हते.

सोमवारी ऊन लखलखीत होते. जोथम दाढी करून, निळा कोट घालून गाडीवर बसला. टाचणी नीट लावली होती; जे दिसायला हवे ते दिसत होते. बँड पुढे, मागे पांढऱ्या कपड्यांतल्या मुली, त्यांच्या मागे गिरणीतले कामगार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी टोप्या काढल्या. ज्या बाईने एप्रिलमध्ये त्याच्याकडून झाडू घ्यायला नकार दिला होता, ती रुमालाने डोळे टिपत होती.

मिरवणूक सभागृहापुढे थांबली. पायऱ्यांवर खुर्च्या मांडल्या होत्या. न्यायमूर्ती हॅलेट, थर्स्टन, डीकन, पाद्री सगळे बसले. समोर बग्गीत थर्स्टनची ऐंशी वर्षांची आई ताठ बसली होती, काळी रेशमी छत्री उघडून. हल्डाला इतर मुलींबरोबर खाली उभे केले होते. सगळ्यांत खालच्या पायरीवर, पाण्यात ताजी राहावीत म्हणून, जांभळ्या लायलॅकची फुले एका बादलीत ठेवली होती.

जोथमने ती बादली ओळखली. लाकडी, कडेला एक पट्टी नवी बसवलेली. मार्चमध्ये हल्डापुढे ठेवलेली हीच.

थर्स्टन बोलायला उभा राहिला. स्वातंत्र्य, त्याग, मातृभूमी. बोलणे छान होते, पाठ केलेले होते. शेवटी त्याने गाडीकडे हात केला. "हॅरोफील्डने देशासाठी काय दिलं, हे कोणाला पाहायचं असेल, तर त्याने ह्या आमच्या शूर शेजाऱ्याकडे पाहावं! त्याने जे गमावलं, त्याची परतफेड हे गाव रोज करीत आहे."

टाळ्या पडल्या. जोथमने कुबडी घेतली आणि गाडीवरून खाली उतरला. लोकांना वाटले, आभार मानायला येतोय. टाळ्या वाढल्या. एक एक पायरी चढत तो वर गेला, मार्चमध्ये ज्या पायरीवर उभा केला होता त्याच पायरीवर उभा राहिला, आणि डीकन ज्या हेलात पुकारा करायचा त्याच हेलात ओरडला:

"ऐका हो! जोथम क्रे! वय छत्तीस! पाय एक, हात दोन, दोन्ही शाबूत! झाडू बांधतो, बेणं कापतो, खातो कमी, बोलतो जास्त! सोबत एक पोर, वय बारा, भरलेली बादली उचलते! डीकन पेटिंगिलकडे आठवड्याला एक डॉलर दहा सेंट! त्याच्याखाली कोण जातो?"

बँडवाल्यांपैकी कोणाची तरी पिपाणी हातातून पडली.

"बोला! एक डॉलर दहा! त्याच्याखाली कोण?"

"एक डॉलर!"

आवाज मागून आला. नेहम स्प्रॅग नावाचा डोंगराकडचा शेतकरी होता. तो थट्टा करत नव्हता. त्याच्याकडे यंदा पेरणी जास्त होती आणि कोठारात बसून काम करणारा माणूस त्याला हवाच होता. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारले. "अरे, आज मार्च नाही!"

"मग?" स्प्रॅग म्हणाला. "माणूस पायरीवर उभा आहे ना?"

काही लोक हसले, आणि हसता हसता थांबले. न्यायमूर्ती हॅलेट खुर्चीत पुढे झुकले. "हे काय चाललं आहे?"

"काही नाही, साहेब," डीकन घाईने म्हणाला. "डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. ऊन लागलं."

"मार्चमध्ये ऊन नव्हतं, बर्फ होता," जोथम म्हणाला. "तेव्हा ह्याच पायरीवर मला विकलं, ह्याच डीकनने, आणि ह्यानेच घेतलं. ह्या बादलीने माझ्या पोरीची ताकद मोजली." त्याने कुबडीने बादली दाखवली. "न्यायमूर्ती, मी लढायला गेलो तो थर्स्टनसाहेबांच्या जागी. त्यांनी एवढंच शपथेवर सांगितलं, तर मला पेन्शन मिळेल आणि माझी पोर उद्या परक्याच्या दारात जाणार नाही. तीन वर्षं मागतोय."

न्यायमूर्ती थर्स्टनकडे वळले. "खरं आहे हे?"

थर्स्टनने रुमालाने ओठ टिपले. "त्या काळात अनेकांनी अनेक प्रकारे सेवा केली, साहेब. आता इतक्या वर्षांनी कोण कोणाच्या जागी गेलं, हे सांगणं... ह्या माणसाचं नावसुद्धा कुठल्या यादीत नाही."

मागून स्प्रॅगचा आवाज आला. त्यात निव्वळ कौतुक होते. "म्हणजे फुकटात गेला होय हा तुमच्यासाठी? कमाल केलीत, राव!"

एवढ्याने झाले. बग्गीतली काळी छत्री खाडकन मिटली आणि म्हातारी थर्स्टनबाई उभी राहिली.

"फुकट? कोण म्हणालं फुकट?" ऐंशी वर्षांच्या मानाने आवाज खणखणीत होता. "थर्स्टनांच्या घरात आजवर फुकट काही आलेलं नाही, नेहम स्प्रॅग! तुझ्यासारखे आम्ही कमी बोलीवाले नाही. दलालाच्या दुकानात मी स्वतः गेले होते. रोख मोजले. पावती माझ्या कपाटात आहे, बायबलच्या शेजारी!"

"आई, खाली बस," थर्स्टन पुटपुटला.

"तू गप्प राहा. तू घरी राहिलास म्हणून गिरणी राहिली, त्यात लाजायचं काय? सगळ्या बड्या घरांनी केलं. त्या दारुड्या कारकुनाने ह्या पोराचं नाव जॉन ग्रे लिहिलं. मी म्हटलं, लिही काय लिहायचं ते, माल हाच आहे ना! पावतीवर तेच नाव आहे. आम्ही ह्याचं काही लागत नाही. पुरी किंमत दिली, आता ह्याने उगाच गळा काढू नये!"

सभागृहापुढच्या दोन-तीनशे लोकांनी ते ऐकले. सतरा वर्षे कोणाच्या ओठांवर न आलेली गोष्ट, गावातल्या सगळ्यांत मोठ्या घराच्या मालकिणीने स्वतः, मोठ्या अभिमानाने सांगितली होती. आपण काय केले हे तिला अजून कळले नव्हते. तिच्या लेखी तिने घराण्याची अब्रू राखली होती.

न्यायमूर्ती जागेवरून उठले. ते काही फार मोठ्या मनाचे गृहस्थ होते असे नाही. ह्या गावात आलो हीच चूक झाली, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. पण ते न्यायाधीश होते, आणि एवढ्या लोकांसमोर त्यांना न ऐकल्यासारखे करता येईना.

"बाई, हे तुम्ही शपथेवर सांगाल?"

"म्हणजे मी खोटं बोलते म्हणता? काढा कागद!"

कागद निघाला. बग्गीच्या पायरीवर ठेवून म्हातारीने त्यावर सही केली, रेघ वाकडी होऊ न देता. थर्स्टन तेवढा वेळ आपल्या बुटांकडे बघत उभा होता.

जोथमने निळ्या कोटाची बटणे सोडली. कोट काढला, घडी घातली आणि थर्स्टनच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. "हा तुमचाच आहे, साहेब. पैसे मोजलेत. घाला." आणि सदऱ्यावरच तो पायऱ्या उतरला. हल्डा पुढे आली आणि कुबडी नसलेल्या बाजूने तिने त्याचा हात धरला.

ह्यानंतर गावाने त्याचा सत्कार केला असे जर कोणाला वाटत असेल, तर त्याने गाव पाहिलेले नाही. पुढच्या रविवारी पाद्र्याने कृतघ्नपणावर प्रवचन दिले. पोरे रस्त्याने जाता-येता लंगडून दाखवू लागली. गावाची लाज वेशीवर टांगली म्हणून त्याचा एकही झाडू खपेना. मात्र मंगळवारचा कागद झाला नाही; न्यायमूर्तींनी जातानाच डीकनच्या हाती तसे पत्र दिले होते, आणि डीकन देवाच्या खालोखाल न्यायालयाला भीत असे. म्हाताऱ्या थर्स्टनबाईने पावतीही दिली, कारण ती कोणाला दाखवायची नाही म्हणणे म्हणजे आपण पैसे दिले नव्हते असे कबूल करणे. एडविन थर्स्टन निवडणुकीत पडला. तोवर दोघे डीकनकडेच राबले; जोथमचे पेन्शन फेब्रुवारीत सुरू झाले आणि बापलेकांनी लोहाराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

एवढ्यावर ही गोष्ट थांबवता आली असती. जोथमलाही तसेच वाटत होते. दार लावून घ्यावे, पोरीला शाळेत घालावे, गावाचे तोंड बघू नये. पण मार्च आला. गावसभेच्या दिवशी सकाळी हल्डा बूट घालून दाराशी उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"पायऱ्यांपाशी. आज तिथं कोण आहे, ते बघायला."

जोथमने तिच्याकडे पाहिले आणि कुबडी घेतली.

तिघे होते. पहिले नाव मर्सी डो. सत्तरीची विधवा, डोळ्यांनी अधू. तिचा मुलगा पीटर्सबर्गलाच पडला होता. दरवर्षी फुलांच्या दिवशी त्याच्या थडग्यावर गाव झेंडा लावी. तिला सूत कातल्यासारखे हात हलवून दाखवायला लावले. मग कोणीतरी तिच्यापुढे बादली ठेवली. ती चाचपडत खाली वाकली.

"दोन डॉलर," कोणी म्हणाले. "दीड," दुसरा. "एक वीस!" स्प्रॅग.

"काही नको."

डीकनने मान वर केली. "कोण बोललं?"

"मी," जोथम म्हणाला. "मला काही नको. एक सेंटही नको. ह्याच्याखाली कोण जातो ते बोला."

त्याच्याखाली कोणाला जाता येत नव्हते. उतरत्या लिलावाला तळ असतो, हे हॅरोफील्डला इतक्या वर्षांत कधी सुचले नव्हते.

डीकन कागद चाळू लागला. "असं चालत नाही. रिवाज नाही."

"कमीत कमी बोली, हाच ना रिवाज? ही कमीत कमी."

हल्डा पायऱ्या चढून गेली. म्हातारीच्या हातातली बादली तिने अलगद काढून घेतली, पाणी पायऱ्यांवरून ओतून दिले आणि रिकामी बादली उपडी करून तिच्यावर म्हातारीला बसवले. पाणी वाहत खाली आले, पुढच्या रांगेतल्या लोकांच्या बुटांखाली गेले. कोणी पाय मागे घेतले, कोणी तसेच उभे राहिले.

"पुढचं नाव घ्या, डीकन," जोथम म्हणाला. मग तो गर्दीकडे वळला. लोहार होता, शाळामास्तर होता, रुमालाने डोळे टिपणारी ती बाई होती.

"अजून दोघे आहेत," तो म्हणाला. "माझ्याकडे दोनच खोल्या, आणि त्या आता भरल्या. पुढची बोली तुमच्यापैकी कोणीतरी बोला."